नकाशावरचा ठिपका

वार्ताहरांच्या टोळीत तीस वर्षं काढली, की छापलेल्या बातम्या विसरायला होतात. न छापलेल्या तेवढ्या तोंडपाठ राहतात. चहाला बसलं की एक निघते, तिच्या शेपटीला दुसरी. हल्ली मात्र सांगताना आधी हसू येतं आणि लगेच मान खाली जाते.

आमच्या सातारा ऑफिसात कॅमेरा बसला. बघणारे मॅनेजर सांगलीत! पहिल्याच दिवशी त्यांचा फोन, "पंख्याखाली तिघं कशाला बसलाय? एकजण उठा!"

उठलं कोण? मीच. तिघांत थोरला, भल्याभल्यांना जाब विचारणारा!

*

मग प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये अ‍ॅप आलं. आम्ही कुठं आहोत, त्याचा ठिपका सांगलीत नकाशावर दिसायचा. मीटिंगमध्ये मी टेबल आपटलं, "आम्ही काय गुरं आहोत, गळ्यात घंटा बांधायला?" टाळ्या पडल्या. मग संमतीचा कागद फिरला. पहिली सही माझी. पेन माझ्याकडंच होतं!

*

कोरेगावचा आमचा बातमीदार निकम, वस्ताद माणूस. त्यानं मोबाइल ओळखीच्या एसटी कंडक्टरकडं दिला आणि स्वतः घरी आडवा झाला. ठिपका दहिवडीला जाऊन आला. मॅनेजर खूश, "निकमांकडून शिका जरा!"

निकम मला म्हणाला, "गड्या, मी झोपतो तवाच माझं लय काम होतंय बघ!"

*

मला तेवढी अक्कल नव्हती. दहिवडीच्या एका सरकारी कार्यालयात सुमनताई कारकून. पाण्याचे टँकर नुसते कागदावर धावत होते, ती फाइल त्यांनी मला घरी बोलावून दाखवली. बातमी गाजली, माझा सत्कार झाला. त्यांचं नाव मी कुणालाही सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. माझा ठिपका त्यांच्या दारात दीड तास उभा होता. आमच्या पेपरच्या मालकांनी तो नकाशा आपल्या पुढारी मित्राला दाखवला, टँकर त्याचेच होते.

आठवड्यात ताई निलंबित!

*

मोबाइल घरी ठेवून मी माफी मागायला गेलो. ताई दारात आल्या. चौकटीवर नवा कॅमेरा. पदर तोंडाशी धरून त्या पुटपुटल्या, "मुंबईस्नं ल्योक बघतोय. पेपरवाला दारात दिसला तर माझ्याशी बोलायचं बंद करंल."

मी हात जोडले, तोच त्या मोठ्यानं म्हणाल्या, "आवं, हे घर न्हवं! म्होरं इचारा!"

मी शेजारच्या दारात गेलो. ताईंच्या कॅमेऱ्यात दिसेल असा उभा राहिलो आणि खरंच पत्ता विचारला.