बॉनेटच्या खाचेतला लाल ठिपका

ते प्रकरण माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी घरात कुणी हळदीचा डबा उघडला की मला लंडनमधल्या ईलिंगच्या पोलीस ठाण्यातली ती मुलाखतीची खोली दिसते. यात मी कुणाचंच नाव देणार नाही. माझी चूक मात्र लपवणार नाही.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. गणवेशातून गुन्हे शाखेत मला नुकतंच घेतलं होतं, तेही सहा महिन्यांच्या बोलीवर. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. वडील ब्रेडच्या कारखान्यात शिफ्ट करायचे. आपण इथे चुकून आलो आहोत आणि एक दिवस कुणीतरी येऊन तसं सांगेल, अशी धास्ती मला कायम असायची.

एका सकाळी जुन्या खेळण्यांच्या दुकानदाराचा फोन आला. संग्राहकांच्या वस्तू पारखून त्यांची किंमत सांगायचं काम तो करायचा. तीन आठवड्यांपूर्वी रीडिंग शहरातल्या एका संग्राहकाच्या घरी चोरी झाली होती आणि गेलेल्या मालाची यादी आम्ही सगळ्या दुकानांना पाठवली होती. त्यातलाच सुपरहिरोचा वीतभर उंचीचा बाहुला, त्याच्या गाडीसकट, एक बाई काउंटरवर घेऊन आली आहे, असं तो म्हणाला.

माझा वरिष्ठ, सार्जंट, आणि मी गेलो. बाई खुर्चीच्या कडेवर बसली होती. पंचेचाळिशीची, अंगात कार्डिगन, मांडीवर रिकामी पिशवी. गळ्यातलं मंगळसूत्र पाहून मी नजर दुकानाच्या कपाटांकडे वळवली.

दुकानदाराने भिंग माझ्या हातात दिलं. "गाडीचे दरवाजे पाहा, निळे आहेत. सुरुवातीला थोड्याच गाड्यांना निळे दरवाजे लावले, मग राखाडी. बाहुल्याचे सांधे घट्ट आहेत, झगा मूळचा. फक्त गाडी कुणीतरी साबणाने घासली आहे. जाणकार माणूस असं कधीच करत नाही. मग का घासली असेल? आता बॉनेटच्या खाचेत बघा."

खाचेत लालसर डाग होता, मुगाच्या दाण्याएवढा. रीडिंगच्या संग्राहकाने आपल्या तक्रारीत लिहिलं होतं की ओळख पटावी म्हणून बॉनेटच्या खाचेत त्याने लाल शाईचा ठिपका दिला आहे.

"खूण पुसायचा प्रयत्न," सार्जंट म्हणाला. बाईला अटक झाली.

मला मात्र भिंगातून दुसरंच दिसलं होतं. तो लाल रंग कडेला तपकिरी होत होता. आमच्या घरी प्लास्टिकच्या डब्यांच्या झाकणांवर असे डाग कायम असत. मला वाटलं, ही हळद आहे. पण मी बोललो नाही.

ठाण्यात नोंद झाली. बाई एका हॉस्पिटलमध्ये वॉर्डची नर्स होती, औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या तिच्याकडे असत. चोरीचा माल बाळगल्याचा ठपका लागला तर त्या किल्ल्या जाणार, आणि किल्ल्यांबरोबर नोकरी. कॉरिडॉरमध्ये ती मला हळूच मराठीत म्हणाली, "अहो, तुम्ही आपल्यातलेच ना? तो माझ्या मुलाचा आहे हो. त्यांना सांगा ना जरा. वॉर्डला कळलं तर मला लगेच सस्पेंड करतील."

मी इंग्रजीत उत्तर दिलं की जे काही सांगायचं ते वकिलासमोर, टेपवर सांगा. नियम तसाच होता. तिचं वाक्य मी नोंदवहीत उतरवलं आणि सार्जंटला दाखवलं. तेही नियमाप्रमाणेच. पण तिचा चेहरा असा उतरला की मला खाली बघावं लागलं.

त्या काळी मुलाखत दोन कॅसेटवर ध्वनिमुद्रित होई आणि सुरुवातीला यंत्र लांबलचक घरघरत असे. 

"गाडी तुम्ही धुतली?" सार्जंटने विचारलं.

"हो."

"त्यावर कसली खूण होती?"

"खूण नव्हती. काहीच नव्हतं."

"काहीच नव्हतं, तर घासली कशाला?"

ती गप्प. वकिलाने तिच्याकडे पाहिलं, मीही पाहिलं. मनात म्हणत होतो, काकू, सांगा. ती टेबलाकडे बघत राहिली. घाबरलेला माणूस आणि गुन्हेगार एकाच तऱ्हेने गप्प बसतात, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

तिच्या मुलाला स्कॉटलंडला, त्याच्या युनिव्हर्सिटीत फोन केला. तो म्हणाला, खेळणं माझं, मीच आईला त्याची किंमत विचारून ठेव म्हणालो होतो. सार्जंटने खांदे उडवले. "मुलगा दुसरं काय म्हणणार?" तेवढा पुरावा आरोप ठेवायला पुरेसा नव्हता, म्हणून तिला जामिनावर सोडलं. तिसऱ्या दिवशी परत हजर राहायचं होतं. हॉस्पिटलने तिला तोवर घरी बसवलं.

मी तोंड का उघडलं नाही? कॅन्टीनमध्ये एक जण मला हसत म्हणाला होता, "काय रे, तुझी मावशी आहे का ती?" थट्टाच होती. पण मला वाटलं, मी हळद म्हणालो की सगळे म्हणतील, आपल्या माणसाला वाचवतोय. आणि मी चुकलो असलो तर? मग माझे सहा महिने तिथेच संपले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई भाजी चिरत होती. मी विचारलं, "हळदीचा डाग साबणाने घासला की लाल होतो ना?"

"होणारच. पोलिसात गेलास म्हणून विसरलास का? तुझा शाळेचा शर्ट आठवत नाही?"

"आणि परत पिवळा होतो का?"

"लिंबू पिळ. नाहीतर तुमचं ते चिप्सवरचं व्हिनेगर. पण कुणाच्या शर्टाचं चाललंय हे?"

मी डब्याच्या झाकणावर हळद लावली, वाळवली, साबणाने घासली. लाल झाली. व्हिनेगरचा थेंब टाकला. पिवळी झाली. आई म्हणाली, "आता झाकणही तूच धू." रात्रभर मला झोप आली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी सार्जंटच्या टेबलाशी उभा राहिलो आणि एका दमात सगळं सांगितलं. त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"डाग आहे केवढा? तू चुकलास तर पुरावा गेला. प्रयोगशाळेला पाठवू."

"सर, उत्तर यायला आठवडे लागतील. तोवर ती बाई घरीच बसेल. अर्ध्याच डागावर करू. आधी फोटो काढू, वकील आणि दुकानदारासमोर करू."

त्याने पेन उचललं. "आणि तू चुकलास तर?"

"तर माझं नाव लिहा, सर."

संग्राहकाने तक्रारीबरोबर आपलं लाल पेनही दिलं होतं. त्याचा ठिपका आम्ही एका झाकणावर काढून साबणाने घासला. तो पुसला गेला नाही. कॅन्टीनमधून व्हिनेगर आलं. आधी शाईवर टाकलं. शाई लालच राहिली. मग दुकानदाराने व्हिनेगरात बुडवलेली कापसाची काडी बॉनेटच्या खाचेत टेकवली.  क्षणभर काहीच झालं नाही. मग अर्धा डाग पिवळा झाला, आणि कापूसही.

"बरीच वर्षं वस्तू पारखतोय," दुकानदार पुटपुटला, "पण हे नाही पाहिलं."

टेप पुन्हा सुरू झाली. सार्जंटने या वेळी हळू आवाजात विचारलं आणि ती बोलली. दसऱ्याला ते घरच्या मोटारीची पूजा करत. मुलगा चार वर्षांचा असताना हटून बसला, माझ्या गाडीलाही हळदकुंकू लाव. तेव्हापासून दरवर्षी दोन्ही गाड्यांना लागत आलं. मुलगा शिकायला लांब गेला, तरी ती लावतच राहिली. परक्याच्या दुकानात मळकी वस्तू कशी न्यायची, म्हणून भांड्यांच्या साबणाने तिने ती स्वच्छ घासली.

"पहिल्या दिवशी का सांगितलं नाहीत?"

"खेळण्याची पूजा करते म्हटलं तर तुम्ही मला वेडी समजाल, असं वाटलं. वेड्या बाईच्या हातात औषधांच्या किल्ल्या कोण देईल?"

कारवाई तिथेच थांबली. खेळण्याची पावती करून मी ते तिच्या हवाली केलं. तिने आधी गाडी पिशवीत ठेवली, मग बाहुला. दारापाशी थांबून तिने मराठीत विचारलं, "तुम्ही पहिल्याच दिवशी ओळखलं होतं ना?"

या वेळी मी मराठीतच उत्तर दिलं. "हो, काकू."

ती रागावली नाही. "मलाही तशीच भीती वाटली होती," एवढंच म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली.

ती परत वॉर्डवर रुजू झाली, असं नंतर कळलं. मलाही गुन्हे शाखेत कायम केलं. पुढे नवीन पोरांना शिकवताना मी नोंदवहीचा नियम सांगायचो. ओळ रिकामी सोडायची नाही, पान फाडायचं नाही, पाहिलं ते लगेच लिहायचं. माझी त्या दिवसाची नोंदवही नियमाप्रमाणे पूर्ण भरलेली होती. तिने कॉरिडॉरमध्ये माझ्याकडे मदत मागितली, हे वेळेसकट त्यात आहे. दुकानात भिंगातून मला हळद दिसली, हे मात्र त्यात कुठेच नाही.