नारळाआधीची फडकी

फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाशी भांडत होते. तेलाची रिकामी बादली त्याला धड हवी होती आणि मी तिच्या बुडाला भोक पाडल्याशिवाय देणार नव्हते. एका हातात हातोडी, खांदा आणि कानाच्या मध्ये फोन. पलीकडून दाभोळच्या वर्कशॉपमधला मिस्त्री सांगत होता की दादा बोटीचा गिअरबॉक्स बघून वर आले, खुर्चीत बसले, पाणी मागितलं आणि… पुढचं त्याला बोलवेना. मी "बरं" म्हटलं आणि बादलीला भोक पाडलं. गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडे बघून मुकाट्याने बादली घेऊन गेलं. मग मी दुकानात नुसती फिरत राहिले. डबे उचलायचे, पुसायचे, परत तिथेच ठेवायचे. बसले तर ते खरं होईल असं वाटत होतं. त्याला आता बरेच आठवडे झाले, पण एक दिवस सोडला तर बसणं अजून जमत नाही. हा लेखही काउंटरला टेकून उभ्यानेच लिहिते आहे, तेव्हा अक्षर लावणाऱ्याने मला माफ करावं.

विनायकदादा माझा थोरला भाऊ. रत्नागिरीत आमचं यंत्रांच्या तेलाचं दुकान आहे: इंजिन ऑइल, गिअर ऑइल, हायड्रॉलिक ऑइल, ग्रीस. दादा फिरतीवर आणि मी काउंटरवर, अशी आमची वाटणी. मी लग्न केलं नाही, त्यामुळे लोकांना वाटायचं की भावाने बहिणीला आधार म्हणून दुकानात बसवलं. बसवलं कसलं! हिशेब, उधारी, कंपनीच्या माणसांशी वाद हे सगळं माझ्या गळ्यात टाकून हा आपला स्कूटरवरून मिरकरवाड्याच्या बोटी, चिऱ्याच्या खाणी, काजूचे कारखाने पालथे घालत फिरायचा. संध्याकाळी यायचा तो शर्टाला तेलाची बोटं पुसत. वहिनी आणि मी दोघी ओरडायचो. त्याच्या एकाही शर्टाचा खिसा कधी स्वच्छ राहिला नाही.

बादलीच्या भोकाचं खूळ त्याचंच. कंपनीच्या रिकाम्या बादल्या भंगारात जातात आणि त्यात कुठलं तरी जळकं तेल भरून नव्या सीलसकट पुन्हा बाजारात येतात, हे त्याच्या लक्षात आलं तेव्हापासून आमच्या दुकानातून धड बादली बाहेर गेली नाही. लोक चिडायचे, कारण कोकणात तेलाची बादली म्हणजे न्हाणीघरातली हक्काची वस्तू. दादा म्हणायचा, "झाड लावा की तिच्यात! भोक आयतं मिळालंय." आणि खरंच लावली लोकांनी. अजूनही कुणाच्या अंगणात बादलीतली अबोली दिसली की मला कळतं, हे आपलं गिऱ्हाईक.

आम्ही सुरुवात केली तेव्हा हा धंदा सोपा होता. चाळीस नंबरचं तेल एका बॅरलमध्ये, नव्वद नंबरचं दुसऱ्यात, की निम्मा जिल्हा चालायचा. ग्रीस तर लोक असं भरायचे जसं जावयाच्या पानात तूप वाढतात. बेअरिंगमधून चारी बाजूंनी बाहेर आलं की समाधान. दादा डोक्याला हात लावायचा. जास्त ग्रीसने बेअरिंग तापतं, सील फुटतं, हे तो सांगायचा आणि समोरच्याला वाटायचं, हा दुकानदार असून कमी घ्या म्हणतो म्हणजे याच्या मालातच काहीतरी खोट आहे. पुढे सिंथेटिक तेलं आली. जे तेल वर्षातून दोनदा बदलायचं ते दोन-दोन वर्षं चालायला लागलं. नमुना तपासायला पाठवावा, रिपोर्ट चांगला आला तर तेल तसंच ठेवावं, अशी नवी रीत आली आणि ती घरोघर जाऊन शिकवली कुणी, तर तेल विकणाऱ्यानेच! मी एकदा भडकले. म्हटलं, "स्वतःच्या हाताने दुकान बुडवायला निघालायस तू." तर हा शांतपणे चहा फुंकत म्हणाला, "अगो शैले, तेल आपण ओतण्यासाठी नाही विकत. मशीन चालावं म्हणून विकतो." मला ते तेव्हा पटलं नाही. आजही निम्मंच पटतं. विक्री घटली ती घटलीच. पण गिऱ्हाईक मात्र एकही तुटलं नाही, हेही मला मान्य करावं लागतं.

त्यातलं बने शेठचं गिऱ्हाईक तर तुटता तुटता राहिलेलं. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत त्यांचा सिमेंटच्या ब्लॉकचा कारखाना आहे. कारखाना नवा होता तेव्हाची गोष्ट. दसऱ्यानंतर त्यांचं हायड्रॉलिक प्रेस एकाएकी रेंगाळायला लागलं. टाकी उघडली तर तेलाचं ताक झालेलं, पांढरट आणि फेसाळ. बने शेठ दुकानात येऊन चार लोकांसमोर म्हणाले, "दादानूं, तुमी पन भेसळ करायला लागलाव?" दादाचा चेहरा असा उतरला की मी ते आजही विसरू शकत नाही. तो तसाच उठला. कारखान्यात गेला, बाटलीभर तेल घेऊन आला, तडक घरात शिरला आणि माझा भाकरीचा तवा तापवून त्यावर तेलाचा थेंब टाकला. थेंब तडतडला. तेलात पाणी होतं. तव्याचं मी काय केलं ते विचारू नका, पण दादा स्कूटर काढून परत कारखान्यात गेला आणि टाकीची जाळी उपसली. जाळीत ओल्या खोबऱ्याचा तुकडा सापडला.

झालं होतं असं की खंडेनवमीला कामगारांनी यंत्राची यथासांग पूजा केली. यंत्रालाही नैवेद्य हवा, म्हणून टाकीचं झाकण उघडून भांडंभर नवं तेल घातलं, झाकण तसंच उघडं ठेवून वर हळद-कुंकू, अक्षता वाहिल्या आणि सगळ्यांत मानाची जागा म्हणून नारळही त्या टाकीच्याच काठावर फोडला. भक्तीत काही कमी नव्हतं, सगळं पाणी टाकीत गेलं. बने शेठना इतकी लाज वाटली की ते दादाच्या पायाच पडायला लागले. दुसरं कुणी असतं तर त्याने वर्षभर किस्सा रंगवून सांगितला असता. दादाने पुढच्या वर्षी फडकी नेली, एवढंच.

नारळ फोडू नका असं सांगून कुणी ऐकलं नसतं, आणि सांगणं त्यालाही आवडलं नसतं. म्हणून दरवर्षी खंडेनवमीच्या सकाळी पूजेच्या आधी तो एकेका गिऱ्हाइकाकडे पोहोचायचा. झाकणं घट्ट करायचा आणि टाकीच्या डोक्यावर ब्रीदर असतो, म्हणजे जिथून टाकी हवा आत-बाहेर घेते ते छोटं टोपण, त्यावर सुती फडकं बांधायचा. मग म्हणायचा, "हं, आता फोडा नारळ." पूजा झाली की यंत्र मानापुरतं एकदा चालवायचं, आणि मगच फडकं सोडायचं. फडकी शिवायची मी. कारण कडा दुमडून शिवल्या नाहीत तर दोरे सुटतात आणि तेच दोरे तेलात जातात. जुन्या चादरी, त्याचे जुने शर्ट यांची फडकी करता करता दरवर्षी मी कुरकुरायचे, की नवरात्रात बायका गरब्याला जातात आणि मी यंत्रांना टोपडी शिवते.

तो गेला आणि त्याच्या मुलाने, निखिलने, पुण्याहून समजुतीच्या सुरात सांगितलं, "आत्या, आता बंद करूया." कंपनीचा तरुण साहेबही येऊन गेला. कोल्हापूरचा मोठा वितरक आमच्या भागाची एजन्सी घ्यायला तयार आहे म्हणाला. आता ऑर्डर मोबाइलवर येतात, यंत्रंच सांगतात तेल कधी बदलायचं, उद्या गाड्या बॅटरीवर गेल्या की निम्मं इंजिन ऑइल तसंही कुणी विचारणार नाही. त्याचं एकही वाक्य खोटं नव्हतं, म्हणून तर माझं डोकं आणखी फिरलं. दसऱ्यापर्यंत उत्तर देते म्हटलं. खरं तर उत्तर ठरलेलंच होतं. मी काउंटरवरची बाई. बोटीच्या पोटात उतरून गिअरबॉक्सवर हात कोण ठेवणार? लोक यायचे ते दादासाठी. रात्री झोप नाही, दिवसा एक काम धड पुरं होत नाही… दुकानाला शेवटचं कुलूप लावताना ते कुठलं लावायचं, असल्या भलत्या गोष्टींचा मी विचार करत होते.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी बने शेठचा फोन आला. "ताईनूं, फडकी येनार ना उद्या?"

माझा तोल गेला. म्हटलं, "चार फडकी तुमची तुम्हाला मिळत नाहीत का हो? दादा गेला माझा!"

मग ते म्हणाले, "त्येच तर. पोरांना सांगून ठेवलंय, ताई आल्याशिवाय नारळ फुटनार न्हाय. कितीबी उशीर होऊ दे."

मी फोन ठेवला आणि तशीच घरी गेले. जुनी चादर एकही शिल्लक नव्हती. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी कपाट उघडलं आणि दादाचे पांढरे शर्ट माझ्यापुढे ठेवले, तेलाचे डाग धुऊन धुऊन फिके झालेले. "कुणाला देऊन टाकायचं मनात येत नव्हतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही घाला कात्री." मी घातली. रडू येत होतं, आणि शिवणयंत्राची सुई दोनदा मोडली.

सकाळी मिरजोळ्याला पोहोचले तर कामगार आंघोळी करून, टिळे लावून उभे. झेंडूच्या माळा बांधलेल्या, नारळ ताटात तसाच. मी दादासारखी सगळी झाकणं हाताने पिळून बघितली. ब्रीदरवर बांधायला पिशवीतून फडकं काढलं तर त्यावर खिसा. घाईघाईत मी खिशाचाच तुकडा कापून शिवला होता. कोपऱ्यात त्याच्या अंगठ्याचा तो न जाणारा डाग. बदलायला दुसरं फडकं पिशवीत होतं, पण मी तेच बांधलं आणि म्हटलं, "हं, आता फोडा नारळ."

पूजा झाली. बने शेठनी बटण दाबलं. प्रेस खाली गेलं, टाकीने हवा आत घेतली आणि तो खिसा आत ओढला गेला. प्रेस वर आलं, हवा बाहेर पडली आणि खिसा हलकेच फुगला. परत आत… परत बाहेर. दुपारी जेवून आरामखुर्चीत डोळे मिटून पडलेल्या दादाच्या छातीवर तो असाच हलायचा. मी इतके दिवस उभी होते, त्या दिवशी तिथल्या ब्लॉकच्या थप्पीवर मटकन बसले.

"ताईनूं, सोडू फडकं?" बने शेठनी यंत्र थांबवून विचारलं.

"थांबा," मी म्हटलं. "अजून एकदा चालवा."

त्यांनी चालवलं. मग मी उठून ते माझ्या हाताने सोडलं आणि तिथूनच पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेले. संध्याकाळी निखिलला फोन करून सांगितलं ते एवढंच की दुकान चालू आहे. बाकीची फडकी पुसायला काढली. खिशाचं तेवढं धुऊन, घडी करून काउंटरच्या खणात ठेवलं आहे. पुढच्या खंडेनवमीला लागेल.