आबांच्या खोलीतली पट्टी

अन्वी, ईशान — हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तुमच्या बाबाला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्या तुमच्या आबांना तर नाहीच. ते जाऊन दोन वर्षं झाली. मग आजच का? कारण गेल्या मंगळवारी मी तेच खोटं पुन्हा बोलले, आणि या वेळी त्यात दुसऱ्या माणसाला ओढलं.

तुम्ही शेवटचे आलात तो मे महिना आठवतो का? अन्वी, तू नऊ वर्षांची होतीस. आपल्याकडे शहापुरात त्या दिवसांत राब भाजतात — भाताचं रोप जिथे करायचं, त्या जागेवर शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून पेटवतात. आबा तो राब स्वतः रचायचे, गड्याला हात लावू द्यायचे नाहीत. त्या धुराने तू खोकून खोकून बेजार झालीस. तुझ्या आईने बॅगा दोन दिवस आधीच भरल्या.

बाबाने मग दोन एसी बसवून दिले. एक आबांच्या खोलीत, कारण त्यांना जुना दमा होता. एक तुमच्या खोलीत.

या यंत्रात दोन वस्तू असतात. एक प्लास्टिकची जाळी — ती पंधरा दिवसांनी नळाखाली धुवायची. आणि जाळीवर बसणारी पांढरी पट्टी — बारीक धूळ आणि धूर अडवणारी. ती धुवायची नाही. सहा महिन्यांनी काढून टाकायची आणि नवी लावायची. कोणती पट्टी घ्यायची तेही मीच ठरवलं होतं. साध्या धुळीची नको, धुराची पाठव, असं बाबाला फोनवर सांगितलं. त्याने सहा पाकिटं पाठवली. यंत्राबरोबरची पुस्तिका इंग्रजीत होती आणि घरात ती वाचणारी मी एकटी. मुरबाडच्या शाळेत इतकी वर्षं इंग्रजी शिकवलेली बाई — मला ‘धुऊ नये’ एवढं वाचता येत नव्हतं का?

आबांच्या यंत्राशेजारी मी एक कार्ड दोऱ्याने टांगलं. वर लिहिलं, ‘पट्टी बदलली’, खाली तारखांसाठी रेघा आखल्या. पहिले सहा महिने भरले तेव्हा कपाट उघडलं, पाकीट हातात घेतलं — आणि परत ठेवलं. तुम्ही दिवाळीला येणार होतात. आपल्या घरात चांगली चादर, चांगले कप, चांगला तांदूळ पाहुण्यांसाठी राखून ठेवायची रीत आहे. सासूबाईंची होती, माझीही आहे. तसंच ते पाकीट. मी आबांची पट्टी काढली, साबणाच्या पाण्यात धुतली, दोरीवर वाळवली आणि पुन्हा लावली. दिसायला स्वच्छ दिसत होती. कार्डावर तारीख लिहिली. आज लिहू, आठवड्याभरात बदलू — असं मनात म्हटलं.

तुम्ही दिवाळीला आला नाहीत. मे महिन्यातही नाही. प्रत्येक वेळी तुमच्या रिकाम्या खोलीत मी नवी पट्टी लावली, दर रविवारी तासभर यंत्र चालवलं, कुबट वास राहू नये म्हणून. आणि आबांची तीच पट्टी पुन्हा पुन्हा धुतली. बाबा फोनवर विचारायचा, “आई, आणखी पाठवू का?” मी म्हणायची, पुरेशा आहेत.

हे तुमच्यावर टाकत नाही. तुम्ही काही मागितलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी आबांचा दमा वाढला. म्हणायचे, “या खोलीत कोंडल्यासारखं होतंय गो.” मी कार्डाकडे बोट दाखवायची. ते हसायचे. “तुझ्या कार्डावर माझी जायची तारीख पन लिहून ठेवलीस का?” पण कार्डावर विश्वास ठेवायचे. चाळीस वर्षं माझ्या अक्षरावर ठेवला होता.

आता तेच सांगते, ज्यापाशी यायला इतका वेळ लावते आहे.

डॉक्टरांनी विचारलं, फिल्टर वेळेवर बदलता ना? मी पिशवीतून कार्ड काढलं — हो, मी ते बरोबर नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, घरात असं शिकलेलं माणूस असलं की आम्हाला काळजी नाही. मला ते आवडलं. खरंच सांगते, आबा शेजारी धापा टाकत होते आणि मला ते आवडलं. मग डॉक्टर म्हणाले, म्हणजे खोलीची हवा ठीक आहे, त्रास शेताचाच. राब बंद. शेतावर जाणं बंद. खळ्यावर बसणंही नको. दार लावून खोलीतच ठेवा.

त्याच दिवशी गुपचूप नवी पट्टी लावता आली नसती का? कपाटात दोन पाकिटं होती. पण लावल्यावर त्यांना बरं वाटलं असतं तर? मग मला कळलं असतं, इतके दिवस कशाने बरं नव्हतं. ते मला कळायला नको होतं. म्हणून मी पट्टी तशीच ठेवली आणि दार लावलं.

चौदा महिने. “दार उघड गो, जरा पडवीत बसतो.” — डॉक्टर नको म्हणालेत. “पुतण्या राब कसा रचतो तेवढं लांबून बघतो.” — नको. काचेतून बघायचे. पुतण्या फांद्या उलट्या टाकतो म्हणून पलंगावर बसल्या बसल्या हात हलवायचे, त्याला दिसत नसताना. त्या वर्षीचं भात कापायला आलं तेव्हा ते गेले. त्या पट्टीमुळे गेले असं मी म्हणणार नाही. ते मला माहीत नाही. पण शेत त्यांच्याकडून मी काढून घेतलं, हे माहीत आहे.

मंगळवारी आटगावचा मेकॅनिक आला. आबांचं यंत्र उघडून म्हणाला, “आजी, ही पट्टी कोणी धुतली? आत बुरशीचा थर बसलाय. ही धुवायची नाय, फेकायची असते.” कमल तिथेच केर काढत होती. डोळखांबकडची कमल, जिने आबांना शेवटपर्यंत भरवलं. मी म्हटलं, “हिनेच धुतली असेल, हिला काय कळतंय.”

मेकॅनिक गेल्यावर कमल फडकं पिळत म्हणाली, “आजी, ती पेटी उघडायची नाय, असं तुमीच सांगितलेलं मला. माझं नाव घेतलंत, घ्या. पन आबांच्या खोलीत नव्हतं घ्यायचं.” दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी कामाला आली. मी तिला अजून काही बोललेले नाही. बोलेन असंही वाटत नाही.

तुमच्या खोलीतली पट्टी पांढरी आहे. कपाटात दोन पाकिटं आहेत, न उघडलेली. आबांच्या यंत्राशेजारी कार्ड अजून टांगलेलं आहे. त्यावर चार तारखा आहेत, एकाखाली एक, सरळ रेषेत. अक्षर चांगलं आहे.