बटाट्यातली साखर आणि कव्हरखालचं मशीन

"सर, तुम्ही दिलेलं मशीन इंदूरमध्येच आहे. मग मी सॅम्पल भोपाळला का पाठवू?"

मेधा वैद्य माझ्या टेबलासमोर उभी होती. एका खासगी कॉलेजात ती केमिस्ट्री शिकवायची. मी राज्याच्या विज्ञान खात्यात होतो, रिटायरमेंट जवळ आलेली. संशोधनाचे प्रस्ताव तपासायचे, वर पाठवायचे आणि मंजूर झाले की रिपोर्ट मागत राहायचं, हे माझं काम. मेधाचा प्रोजेक्ट आम्हीच मंजूर केलेला.

माळव्यातला बटाटा चिप्सला जातो. कोल्ड स्टोरेजमध्ये थंडी जास्त झाली की त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि तळल्यावर चिप्स काळपट पडतात. मग अख्खा ट्रक कारखान्याच्या गेटवरून परत. मेधाने कागदाची एक पट्टी बनवली होती. बटाट्याच्या रसात बुडवायची. रंग जितका गडद, तितकी साखर जास्त. पण पट्टी खरं बोलते हे दाखवायला तोच बटाटा एचपीएलसीवर मोजावा लागतो. हे मशीन द्रवातले घटक वेगळे करून प्रत्येकाचं प्रमाण सांगतं. भोपाळच्या लॅबमध्ये नंबर लागेपर्यंत बटाटा उबेत राहायचा आणि साखर बदलायची.

इंदूरचं मशीन एका सरकारी कॉलेजात होतं. बसवलं तेव्हा कंपनीच्या माणसाने चालवून दाखवलं होतं आणि मी 'वर्किंग' लिहून सही केली होती. त्यानंतर मी तिकडे फिरकलो नव्हतो.

आम्ही दोघं गेलो. विभागप्रमुख शर्माजींनी चहा मागवला, पण मशीनवरचं कव्हर काही काढेनात.

"देखो भिया, ऑपरेटर का ट्रान्सफर हो गया. मशीन बिगड़ी तो जवाब मुझे देना है."

"और नहीं चली तो?" मेधाने विचारलं.

"वो तो कोई पूछता नहीं."

त्यांचं खोटं नव्हतं. मीही कुठे विचारलं होतं?

मी भोपाळच्या आमच्या मुख्य ऑफिसकडे परवानगी मागितली. उत्तर आलं, आधी कॉलेजची एनओसी आणा. कॉलेज म्हणालं, आधी खात्याची ऑर्डर आणा. फाइल फिरत राहिली. तिकडे कोल्ड स्टोरेज रिकामं होत चाललं होतं. मेधाचे फोन हळूहळू बंद झाले. त्याचा मला जास्त त्रास व्हायला लागला.

शेवटी मी लिहून दिलं: मशीन बिघडल्यास जबाबदारी माझी.

दुसऱ्याच दिवशी भोपाळहून साहेबांचा फोन. "पाटणकरजी, ये लिखने को किसने कहा? पेन्शन अटक जाएगी."

"सर, चालू है, ऐसा मैंने ही लिखा था. एक बार देख तो लूँ."

साहेब म्हणाले, "अपना लेटर फाड़ दो. ऑर्डर मैं निकालता हूँ."

कव्हर निघालं. कंपनीचा इंजिनियर आला आणि त्याने नकारार्थी मान हलवली. मशीनमध्ये कॉलम नावाची स्टीलची बारीक नळी असते, घटक तिथे वेगळे होतात. न वापरता ती आतून सुकून गेली होती. नवी येईपर्यंत शेवटचा बटाटाही स्टोरेजमधून गेला.

मेधा लॅबमधल्या स्टुलावर बसून राहिली. मग म्हणाली, "पुढच्या सीझनला बघू सर."

पुढच्या सीझनला ती स्वतः मशीन चालवायला शिकली, शर्माजींच्या दोन लेक्चररनाही शिकवलं. पट्टीचा रंग आधी मशीनच्या आकड्यांशी जुळेना. तिने केमिकल बदललं, मग आकडे जुळले. आता इथली दोन कोल्ड स्टोरेज ट्रकमध्ये माल भरण्याआधी ती पट्टी वापरतात. हे होईपर्यंत मी रिटायर झालो होतो.

सरकारने संशोधनाला मदत कशी करावी, असं लोक मला अजून विचारतात. मशीन देता तेव्हा चालवणारा माणूसही द्या, आणि बाहेरच्यांना ते कधी मिळणार हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा, एवढंच मी सांगतो. आम्ही बटाट्याचा एक अख्खा सीझन परवानग्यांमध्ये घालवला. आणि त्यात वाईट माणूस एकही नव्हता.