तळव्याला नीळ लागत नाही

"तुना हात दाखाड," असं म्हणून नाना गिऱ्हाइकापुढे जो माउस ठेवत, तो निळा असे. कपड्यांची नीळ खोबरेल तेलात कालवून ते माउसला चोपडत. मग दहा मिनिटं गेम खेळायचा. हात उचलला की नाना त्यावरचे डाग वाचत. वरणगावच्या कारखान्यात ते फिटर होते. दोन भाग एकमेकांत नीट बसतात का, हे तिथं रंग लावूनच बघत. निवृत्तीनंतर ते जळगावात भाच्याच्या कॉम्प्युटरच्या दुकानात बसू लागले आणि बाजारात निळ्या तळहातांची माणसं दिसू लागली. तुम्ही त्या वर्षांत जळगावात असाल, तर एखाद्याशी हात मिळवलाही असेल.

मी नानांकडे गेलो तो धुळ्याच्या स्पर्धेसाठी. तिथल्या एका कॉम्प्युटर क्लासनं नेमबाजीच्या गेमची स्पर्धा ठेवली होती. पहिला येईल त्याला क्लासमध्ये शिकवायची नोकरी. मला बी.कॉम. होऊन दोन वर्षं झाली होती आणि वडील माझ्याशी आता आईमार्फत बोलत. ही नोकरी मला हवीच होती.

माउस मी आधीच निवडला होता. दुकानातला सगळ्यात मोठा, सगळ्यात काळा. धरला की साहेब झाल्यासारखं वाटे.

नानांनी माझा हात उलटासुलटा केला. "हाऊ माउस लेऊ नको. तळव्याले नीळ लागनीच नही. तू नुसता बोटांच्या शेंड्यांनी धरस. तव्यावरली भाकर उचलस तसा."

"मोठ्या माउसनं नेम चांगला लागतो, नाना."

"कोन म्हनस?"

"खोक्यावर छापलंय."

"खोक्याले हात शे का?"

त्यांनी एक बुटका, हलका माउस दिला. महिनाभर मी दुकानातच सराव केला. मनगट दुखायचं थांबलं, नेम बसू लागला.

स्पर्धेला नाना हट्टानं सोबत आले. मी ऐटीत माउस काढला, मशीनच्या मागे हात घातला आणि गारच पडलो. आमच्या माउसची पिन गोल. क्लासच्या जुन्या मशीनला चपट्या पिनचीच जागा. महिनाभर आम्ही दोघांनी हात पाहिला, बोटं पाहिली. पिन कुणीच पाहिली नव्हती.

क्लासनं त्यांचा माउस दिला. पोळपाटाएवढा.

"नाना, चला घरी."

"बस."

त्यांनी डोक्यावरची पांढरी टोपी काढली, दोन घड्या घातल्या आणि माझ्या मनगटाखाली सरकवली. तळवा आपोआप वर उचलला गेला. माउसला फक्त बोटांचे शेंडे टेकले.

"आते धर."

"काका, टोपी चालणार नाही," स्पर्धेचे सर म्हणाले.

"नियम दाखाड."

सरांनी कागद दोनदा वाचला. टोपीबद्दल त्यात काही नव्हतं.

शेवटच्या फेरीत मी एका गोळीनं जिंकलो. ऑफिसात नोकरीचा अर्ज भरून बाहेर आलो, तर नाना बोडक्यानंच जळगावच्या गाडीला निघून गेलेले.

पुढच्या रविवारी टोपी परत द्यायला गेलो. त्यांनी ती हातातही घेतली नाही. "राहू दे. तिले तुना मनगटनं माप बसनं."

क्लासमध्ये मी सहा वर्षं शिकवलं, टोपी टेबलावर मनगटाखाली तशीच घडी घातलेली. नाना गेल्याचं कळलं त्या आठवड्यात, त्यांच्या आठवणीनं भरून येऊन, मी ती स्वतः धुतली आणि कडक इस्त्री केली. मग पुन्हा दोन घड्या घातल्या, मनगट टेकवलं. खूप वेळा करून पाहिलं. उंची काही जमली नाही.