लालीबाईचा मॅनेजर

लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीच्या फाटकाशी लालीबाई राठोड बारा वर्षं भज्यांची गाडी लावते. मिरच्या चिरताना तिच्या डोळ्यांत कधी पाणी येत नाही, पण नको तिथं तोंड चालवणाऱ्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत ती हमखास आणते. गाडीखाली एक तांबडा कुत्रा बसायचा. काम शून्य, आल्यागेल्यावर गुरगुरणं तेवढं. म्हणून तिनं त्याचं नाव ठेवलं मॅनेजर.

गेल्या मार्चमध्ये रस्त्यावरून एक वरात गेली. फटाक्यांची लड फुटली आणि मॅनेजर शेपूट घालून जो पळाला, तो दोन दिवस आलाच नाही.

"गेला तं गेला. फुकटखाऊ होता," नवरा प्रेमसिंग म्हणाला. कुत्र्याला रोज शिव्या घालणं हा त्याचा जुना नेम होता.

लालीबाईनं मुलीला, राखीला, मोबाइलवर स्टेटस टाकायला लावलं. मॅनेजरचा फोटो एकच होता. त्यातही पुढे पूर्ण राखी आणि मागे अर्धा कुत्रा. तेवढ्यावर राजूरहून, कोळसा खाणीजवळ राहणाऱ्या दिराचा, उत्तमसिंगचा, फोन आला.

"भाभी, सापडला! पण काळा हाये."

"आपला तांबडा हाये. अन् इतक्या दूर का यष्टीनं गेला थो?"

"कोळशानं झाला असन काळा. धुवून पाह्यतो."

तासाभरानं पुन्हा फोन. "धुतला. तरी काळाच हाये. अन् मले चावला."

तिसऱ्या दिवशी, रविवारी, लालीबाईनं पदर खोचला. "हाक ऐकू आली तरी थो येत नाही, पण भज्याचा वास आला का बरोबर येते," म्हणत तिनं पेटत्या शेगडीसकट गाडी वस्तीत नेली. ढकलायला प्रेमसिंग. दर गल्लीच्या तोंडाशी एक घाणा काढायचा आणि ओरडायचं, "मॅनेजर! ये रे मॅनेजर!"

दुसऱ्या गल्लीत बनियनवर एक गृहस्थ दार उघडून बाहेर आले. "काय झालं बाई? आज बँकेला सुट्टी आहे."

"तुमाले नाही जी, कुत्र्याले बोलावून राह्यली."

गृहस्थ भजी घेऊन आत गेले.

चौथ्या गल्लीत एका फाटकाआडून ओळखीचं गुरगुरणं आलं. मॅनेजरच होता! पायाला पांढरी पट्टी, गळ्यात निळा पट्टा, समोर दूध-पोळी. शेजारी घराच्या मालकीण विमलताई उभ्या. दवाखान्यात नर्स म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालेल्या.

"हा माझा राजा आहे," विमलताई म्हणाल्या. "लंगडत आला, मी पट्टी बांधली."

"राजा कायचा! मॅनेजर हाये थो."

शेवटी ठरलं, दोघींनी हाक मारायची. जिच्याकडे जाईल तिचा. विमलताईंनी दूध पुढे केलं, लालीबाईनं गरम भजं. मॅनेजरनं दोन्हींकडे पाहिलं, लंगडत दोघींच्या मधून निघाला आणि थेट प्रेमसिंगच्या पायाशी जाऊन त्याचा खिसा हुंगू लागला. प्रेमसिंगचा हात सवयीनं खिशात गेला. निघाला बिस्किटाचा पुडा.

"हे काय?" लालीबाई.

"काही नाही... रोज सकाळी एक देत होतो त्याले."

"अन् शिव्या?"

"थ्या तुले ऐकू याव्या म्हणून. कुत्र्याचे लाड करतो अन् मिरच्या चिरू लागत नाही, असं म्हटलं असतं तू."

"आतापासून चिराच!" लालीबाई म्हणाली. पण तिला हसू आवरेना. विमलताई मात्र अजून त्याच्या पायाच्या पट्टीकडेच पाहत होत्या. लालीबाईनं ते पाहिलं.

"ताई, पाय बरा होईस्तोर राहू द्या त्याले तुमच्याजवळ," ती म्हणाली. "मले कुठं पट्टी बांधता येते?"

पाय पंधरा दिवसांत बरा झाला. मॅनेजर वसाहतीच्या फाटकाशी परतला, पण दर रविवारी गाडी विमलताईंच्या गल्लीतच लागते. विमलताई स्टूल घेऊन बाहेर बसतात, तळलेलं आपल्याला चालत नाही असं सांगतात आणि दुसरी प्लेट मागतात.