खालाचे अब्बा आणि आवाज नसलेली फिल्म

परवा दुपारी जैतुनखालाला मोबाईलवर एक जुनी फिल्म दाखवली. तेव्हापासून माझं चित्त काही थाऱ्यावर नाही...

खाला म्हणजे आमची परंड्यातली शेजारीण, नव्वदीला टेकलेली. तिचे अब्बा निजामाच्या काळात इथल्या एका जहागीरदाराच्या हत्तिणीचे माहूत होते. जहागीर गेली, हत्तीण लांब कुठंतरी पाठवली... अब्बा तिच्यासोबत गेले ते परत आलेच नाहीत.

घरात त्यांचा एक फोटो नाही. चेहरा अजून ध्यानात आहे, पण आवाजच आठवत नाही, असं खाला कितीदा म्हणायची. मी आपला हूं हूं करायचो.

तर एका मित्रानं या फिल्मचा तुकडा पाठवला. त्या काळी कुणी साहेब हत्ती आणि माहुतांवर माहितीपट काढत फिरायचा म्हणे. मागं आपल्या परंड्याच्या किल्ल्याचा बुरूज दिसला आणि मी तसाच अनवाणी खालाकडं पळालो.

बराच वेळ नुसती हत्तीणच. पाण्यात लोळतेय, सोंडेनं गवत झाडतेय... मग तिच्या कानाशी उभा असलेला पागोट्यातला तरणाबांड माहूत दिसला. त्याचे ओठ हलत होते. खालानं मोबाईल दोन्ही हातांनी घट्ट धरला. अब्बाच हायत, म्हणाली.

मग माझ्याकडं वळली.

"आवाज वाढव की बाळा."

आली का पंचाईत! मूकपट तो, त्यात आवाज कुठला? पण जन्मभर वाट पाहिलेल्या माणसाला हे कुठल्या तोंडानं सांगायचं... सांगितलं कसंबसं. पुन्हा लाव, अशी खालानं हातानंच खूण केली.

पुन्हा लावली. परत पुन्हा... ती नुसती त्या ओठांकडं बघत होती. किती वेळानं कोण जाणे, तिचेही ओठ हलायला लागले. आणि मी कधीच न ऐकलेल्या घोगऱ्या आवाजात, अब्बांच्या बरोबरीनं ती म्हणाली,

"बैठ, बेटी... बैठ."

फिल्ममधली हत्तीण हळूहळू खाली बसली.

मलाबी बेटीच म्हणायचे, एवढं पुटपुटून खालानं पदर डोळ्यांना लावला. मीही रडलो, त्यात लाजायचं काय...

त्या साहेबाचं नाव मला ठाऊक नाही. एवढी देखणी हत्तीण समोर असताना त्यानं घटकाभर कॅमेरा माहुताच्या तोंडावर धरला... त्याचे लई उपकार आहेत आमच्या खालावर.